दोनशेची पाटी, सत्तरचा करंट

आखातातून गावी जाणाऱ्या मराठी माणसाच्या बॅगेत काय आहे, हे एकेकाळी ती न उघडता सांगता यायचं. टेपरेकॉर्डर, टँग, निडोचा डबा, अत्तर, जाड ब्लँकेट, खजूर. टेपरेकॉर्डर गेला, टँग गावच्या किराणा दुकानात मिळू लागलं. शेती असलेल्या घरांतून मात्र आता एक नवी मागणी येते. भाऊ, मेहुणा किंवा चुलता फोनवर इकडचं तिकडचं बोलून झालं की हळूच म्हणतो, ‘ते खांद्याला अडकवायचं वेल्डिंग मशीन मिळतं ना तिकडं? येताना आण की. दोनशेच्या खाली नको पण.’

आणि आपण आणतो. रुवीतल्या हार्डवेअरच्या दुकानांत अशी मशीनं रांगेने मांडलेली असतात. लाल, पिवळी, निळी. पाच-सहा किलो वजन, पुढे एक गोल बटण, त्याभोवती 200, 250, क्वचित 300 असे आकडे. आपण रियालचा रुपयांत हिशेब करतो, ‘गावाकडे याच किमतीत एवढं मोठं येत नाही’ अशी मनाची समजूत घालतो, आणि कपड्यांच्या मधोमध ते नीट बसवतो. गावात कौतुक होतं. चार-सहा महिन्यांनी ते मशीन खताच्या रिकाम्या पोत्यांखाली जातं. कुणी त्याबद्दल बोलत नाही, कारण ताईने किंवा दादाने एवढ्या लांबून आणलेलं असतं.

माझं म्हणणं सरळ आहे. हे मशीन असं नेणं बंद करा. मशीन नको असं मी म्हणत नाही. शेतावर छोटं वेल्डिंग मशीन असावं आणि ते असल्याने शेतकऱ्याचे किती खेटे वाचतात हे मी घरी पाहिलेलं आहे. पण ज्या आकड्यावरून आपण ते निवडतो तो आकडा शेताच्या उपयोगाचा नाही. तो आपल्या मोठेपणाच्या उपयोगाचा आहे.

आधी हिशेब मांडते. मी पाणी आणि जमीन यांवर संशोधन करणारी बाई आहे, वेल्डर नाही. पण हा हिशेब दहावीच्या भौतिकशास्त्राचा आहे.

वेल्डिंगचा आर्क पेटलेला असताना त्यात किती व्होल्ट असतात याचं एक ठरलेलं सूत्र आहे. रॉडच्या वेल्डिंगसाठी आंतरराष्ट्रीय मानकात ते असं धरतात: वीस अधिक करंटचा 0.04 पट. म्हणजे 100 ॲम्पिअरला 24 व्होल्ट, 200 ॲम्पिअरला 28 व्होल्ट. दोन्हींचा गुणाकार केला की आर्कला किती वॉट लागतात ते कळतं. शंभरला 2400 वॉट, दोनशेला 5600 वॉट. मशीन स्वतः काही वीज खातं. साध्या इन्व्हर्टर मशीनची कार्यक्षमता 80 टक्के धरा. शिवाय स्वस्त मशीनचा पॉवर फॅक्टर 0.7 च्या आसपास असतो, म्हणजे जेवढी वीज कामाला येते त्याहून बराच जास्त करंट वायरमधून खेचला जातो. हे सगळं धरलं तर 230 व्होल्टला 100 ॲम्पिअरच्या वेल्डिंगसाठी भिंतीतून 18-19 ॲम्पिअर लागतात. 200 ॲम्पिअरसाठी 43.

त्रेचाळीस. तुमच्या गावाकडच्या घरात सगळ्यात मोठं सॉकेट कोणतं आहे? गिझरचं किंवा मोटरचं, 16 ॲम्पिअरचं. त्या सॉकेटमधून, वीज पूर्ण 230 व्होल्ट असताना, हे मशीन साधारण 88 ॲम्पिअरचं वेल्डिंग देऊ शकतं. व्होल्टेज 180 वर आलं की सत्तर. बटण 200 वर फिरवा नाहीतर 300 वर, तारेतून जेवढं येईल तेवढंच बाहेर पडणार. विहिरीत पाणी नसताना मोठी मोटर बसवण्यातला हा प्रकार आहे.

इथे मस्कतमध्ये ते मशीन दुकानदाराने चालवून दाखवलेलं असतं आणि झकास चाललेलं असतं, हे खरं. ओमानमध्ये वीज 240 व्होल्टची आणि बऱ्यापैकी स्थिर. पण प्लग ब्रिटिश पद्धतीचा, तीन चौकोनी पिनांचा, आत 13 ॲम्पिअरचा फ्यूज. वरचाच हिशेब केला तर त्या प्लगवर सतत फार तर 75 ॲम्पिअरचं वेल्डिंग होतं. फ्यूज थोडा वेळ जास्त सोसतो, म्हणून दोन मिनिटांच्या प्रात्यक्षिकात हे कळत नाही. दुकानदारही अर्धा रॉड जाळून थांबतो.

आता माळशिरस तालुक्यातलं आमचं रान घ्या. वस्ती गावापासून लांब, डीपी तिथूनही पुढे. मीटर घराच्या भिंतीला आणि जिथे नांगर, ट्रॉली, रोटाव्हेटर उभे असतात ते शेड शंभर मीटरवर. शेडपर्यंत अडीच एमएमची तांब्याची वायर. अशा वायरचा रोध किलोमीटरला सुमारे साडेसात ओहम. जायची आणि यायची मिळून दोनशे मीटर, म्हणजे दीड ओहम. वीस ॲम्पिअर ओढले की तीस व्होल्ट वायरमध्येच संपतात. गेल्या दिवाळीत मी मल्टिमीटर लावून पाहिलं. मशीन नुसतं चालू असताना 205, रॉड टेकला की 170 च्या आसपास. रॉड चिकटत होता आणि भाऊ म्हणत होता, ‘ताई, हे मशीनच कमी पडतंय, अडीचशेचं पाहिजे.’

कमी पडत होती ती वायर. अडीचशेचं मशीन आणलं असतं तरी तिथे तेच झालं असतं, कदाचित जास्त वाईट. कारण इन्व्हर्टरची रीत जुन्या मशीनच्या उलटी असते. जुन्या ट्रान्सफॉर्मर मशीनला व्होल्टेज कमी मिळालं की त्याचा आर्क मंद होतो, बिचारं गप्प बसतं. इन्व्हर्टर मात्र बाहेरचा करंट कायम राखायला बघतो. व्होल्टेज घसरलं की तो तारेतून आणखी ओढतो, त्याने व्होल्टेज आणखी घसरतं. शेवटी एकतर तो स्वतःला बंद करतो किंवा आतले पार्ट उडतात. पोत्यांखाली गेलेल्या मशीनांपैकी किती अशी गेली असतील, याचा अंदाज तुम्हीच करा.

उलटंही होतं. आजूबाजूच्या मोटरी बंद झाल्या की व्होल्टेज वर उसळी घेतं. शेतीपंपांची थ्री-फेज वीज पाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. सरकारने 2023 मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा आणला तो शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणूनच. ती सगळीकडे येईल तेव्हा येईल. आणि कुठे न्यूट्रल तुटला, तर सिंगल-फेजवर चारशेच्या घरातले व्होल्ट येऊ शकतात. आखातात विकायला ठेवलेलं मशीन 220-240 व्होल्टच्या शिस्तीतल्या विजेसाठी असतं. 150 पासून 270 पर्यंतचे हेलकावे सोसणारी मशीनं असतात, ती महाराष्ट्रात मिळतात, कारण तिथे त्यांची गरज आहे. ती सोलापुरात किंवा पुण्यात घ्या. बिघडलं तर दुरुस्त करणारा मोटरसायकलवर जाता येईल इतक्या अंतरावर असतो. मस्कतहून नेलेल्या मशीनची वॉरंटी मस्कतलाच राहते.

यावर एक उत्तर मला नेहमी ऐकावं लागतं आणि ते अगदीच खोटं नाही. ‘मोठं घेतलं तर कमीवर चालवता येतं. लहान घेतलं तर मोठं कसं करणार?’ यात तथ्य एवढं की मशीन सलग किती वेळ चालेल याचा एक आकडा असतो, त्याला ड्युटी सायकल म्हणतात. दहा मिनिटांपैकी किती मिनिटं, तेही भोवतालचं तापमान 40 अंश असताना. एखादं मशीन 200 ॲम्पिअरला 20 टक्के म्हणत असेल, तर तेच मशीन 120 ला साधारण 55 टक्के चालेल आणि 90 च्या खाली थांबायची गरजच नाही. म्हणजे खरोखर 200 देणारं मशीन कमीवर चालवलं तर ते आरामात चालतं, हे मान्य.

पण ‘खरोखर’ हा शब्द लक्षात ठेवा. घरगुती वापराच्या हलक्या मशीनांसाठी वेगळं मानक आहे आणि त्यात चाचणी 20 अंशांवर घेतात. वीस अंश म्हणजे महाबळेश्वरची हवा. मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये ते आकडे निरर्थक आहेत. काही खोक्यांवर टक्केच नसतात, नुसता 300 असा फुगलेला आकडा असतो. आणि खरं सांगायचं तर शेतावर ड्युटी सायकलची चिंता फार करायचं कारणही नाही. शेतकरी एक रॉड जाळतो, साधारण मिनिटभर. मग हातोडीने स्लॅग झाडतो, वाकून बघतो, शेजारी उभा असलेला माणूस ‘इकडून राहिलंय’ म्हणतो, मग दुसरा रॉड. चहा. हे काम कारखान्यातलं नाही.

मग शेताला लागतं किती? नांगराचा फण, ट्रॉलीची फळी अडकवायचं अँगल, गोठ्याचं गेट, ठिबकच्या फिल्टरचं स्टँड, मोटरचा पाया. हे सगळं तीन ते सहा मिलिमीटर जाडीचं साधं लोखंड. त्याला बारा नंबरचा, म्हणजे अडीच मिलिमीटरचा रॉड 60 ते 90 ॲम्पिअरवर, आणि दहा नंबरचा, म्हणजे 3.15 मिलिमीटरचा रॉड 90 ते 130 वर. आठ नंबरचा जाड रॉड, ज्याला दीडशेच्या पुढे लागतात, तो शेतावर कधी लागला ते मला कुणी सांगावं. लागला, तर ते काम शेतावर करायचं नाही, हे पुढे सांगते. खरे 120-130 ॲम्पिअर देणारं, व्होल्टेज घसरलं तरी निदान 80-90 देत राहणारं मशीन. बास. याहून मोठ्या आकड्यासाठी दिलेला प्रत्येक रुपया दुसऱ्या एखाद्या गरजेच्या वस्तूतून कापलेला असतो.

कोणत्या वस्तूतून? पहिली, वायर. तोच शंभर मीटरचा टप्पा अडीचऐवजी सहा एमएम तांब्याने जोडला की वीस ॲम्पिअरला तीस व्होल्टची घट बाराच्या आसपास येते. तेवढ्याने जुनंच मशीन नवं वाटायला लागतं. सोबत 32 ॲम्पिअरचं औद्योगिक सॉकेट आणि एमसीबी. ही वायर काही स्वस्त नाही, दोन मशीनं येतील एवढे पैसे त्यात जाऊ शकतात, आणि तिचा फोटो कुणी स्टेटसला ठेवत नाही. मशीनबरोबर येणाऱ्या होल्डरच्या आणि चिमट्याच्या केबलीही बहुधा टाकाऊ असतात. दीड-दोन मीटर लांब, आणि तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. त्या जागी सोळा एमएमची अस्सल तांब्याची केबल घ्यावी.

दुसरी वस्तू मला जास्त बोचते. मी ओमानच्या अल बातिना किनारपट्टीवर भूजलातल्या क्षारांवर काम करते. बरका ते सुवैक या पट्ट्यात अनेक ठिकाणी गोड पाणी उपसून उपसून समुद्राचं पाणी आत आलं आहे, आणि खाऱ्या पाण्याने पंपाचे सांगाडे, पाइप, टाक्यांचे पाय सडतात. त्यामुळे तिथल्या शेतांवर वेल्डिंग रोजचंच. शेताचा मालक ओमानी, वेल्डिंग करणारा बहुतेक ठिकाणी बांगलादेशी, कधी पाकिस्तानी, कधी आपल्याकडचा. त्याच्या हातात तेच रुवीतलं मशीन असतं. आणि तोंडावर? कधी एका हातात धरायची काळी काच, कधी नुसता गॉगल, कधी डोळे मिटून अंदाजाने टॅक मारणं. गावी आमच्याकडे अगदी हेच. पोरं भोवती उभी असतात आणि कुणीतरी ओरडत असतं, ‘बघू नको रे तिकडं.’

आर्कमधून निघणारे अतिनील किरण बुबुळाची वरची त्वचा भाजतात. लगेच काही कळत नाही. काही तासांनी, बहुधा रात्री, डोळ्यांत वाळू भरल्यासारखं होतं, पाणी वाहतं, उजेड सोसत नाही. मग बटाट्याचे काप ठेवायचे, सकाळपर्यंत कण्हायचं. एक-दोन दिवसांत ते बरं होतं, म्हणून लोक त्याला आजारच मानत नाहीत. यासाठी लागते दहा किंवा अकरा नंबरची काच असलेला, पूर्ण तोंड झाकणारा मास्क. आपोआप काळं होणारं हेल्मेट तर फारच सोयीचं, कारण नवशिक्याला रॉड कुठे टेकवतोय ते दिसत नाही म्हणूनच तो काच बाजूला करतो. जोडीला चामड्याचे हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट. पॉलिस्टर नको, ते वितळून कातडीला चिकटतं.

परदेशी भाऊबहिणींनो, बॅगेत काही न्यायचंच असेल तर हे हेल्मेट न्या. वजन अर्धा किलोच्या आसपास. त्याला 170 व्होल्ट चालतात, 270 चालतात, वीज गेलेली चालते.

तापमानाची गोष्ट निघालीच आहे तर एक सांगते. ओमानमध्ये जून ते ऑगस्ट, दुपारी साडेबारा ते साडेतीन, उन्हात काम करून घ्यायला बंदी आहे. बंदी कागदावरची आहे की पाळली जाते, हा वेगळा वाद. पण निदान कागद आहे. मशीनची ड्युटी सायकल त्याच्या पाठीवर छापलेली असते आणि खरेदी करताना आपण ती वाचतो, पुतण्याला समजावून सांगतो. माणसाची ड्युटी सायकल विचारल्याचं मी आपल्या कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

तिसरी गोष्ट शॉकची. इथे मी इन्व्हर्टरच्या बाजूने बोलणार आहे, म्हणजे मी जुन्याची भक्त आहे असा समज नको. गावातली जुनी ट्रान्सफॉर्मर मशीनं एसीवर चालतात आणि रॉड टेकलेला नसताना होल्डरवर 70-80 व्होल्ट असतात. घामाने भिजलेला माणूस, अनवाणी पाय, नुकतं पाणी सोडलेली जमीन. एवढ्या व्होल्टमध्ये माणूस मरू शकतो. डीसी इन्व्हर्टर यात तुलनेने सुरक्षित, आणि ज्यात रॉड न टेकल्यावर व्होल्टेज आपोआप खाली आणायची सोय असते ते आणखी बरं. त्या सोयीला व्हीआरडी म्हणतात. मशीन घेताना आकडा विचारण्याऐवजी ती आहे का हे विचारा. पण ही सगळी सुरक्षितता अर्थिंगवर उभी आहे. आकडा टाकून घेतलेली वीज, किंवा न्यूट्रलऐवजी जमिनीत ठोकलेली सळई, हे प्रकार चालू असतील तर कोणतंही मशीन घ्या, त्याचा लोखंडी डबा कधी जिवंत होईल सांगता येत नाही. ज्या घरी अर्थिंग नाही तिथे मशीन नेऊ नये, इतकं माझं मत कडक आहे. आधी खड्डा खणा, पाइप पुरा, ओला ठेवा, इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. मग बोलू.

सौर पंपवाल्यांसाठी दोन ओळी, कारण 2024 च्या ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेनंतर हा प्रश्न वाढणार आहे. अशा रानात बहुतेक वेळा वीजवाहिनीच नसते. पॅनलवर वीज दिसते, म्हणून कुणी तिथून मशीन जोडायला जाईल. जाऊ नका. पॅनलच्या माळेवर काही शे व्होल्टचं डीसी असतं, ते ना मशीनच्या कामाचं ना माणसाच्या. तिथे जनरेटर लागतो, आणि 100 ॲम्पिअरसाठी निदान पाच केव्हीएचा. अडीच-तीनच्या जनरेटरवर फक्त बारा नंबरचा रॉड, तोही कमी करंटवर.

आता गावातल्या वेल्डरकडे येते. या सगळ्या प्रकरणात सर्वांत जास्त अन्याय त्याच्यावर झालेला आहे. रॉडचं वेल्डिंग हे मुळात दुरुस्तीचंच तंत्र. ऑस्कर केलबर्ग या स्वीडिश माणसाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुलामा दिलेला रॉड काढला तो जहाजांचे गळके बॉयलर नीट करण्याच्या धडपडीतून, आणि 1904 मध्ये त्याने काढलेली ईसाब कंपनी आजही रॉड विकते. आपल्याकडे 1951 मध्ये अडवाणी-ओर्लिकॉन सुरू झाली, तिचंच पुढे अडोर वेल्डिंग झालं. चिंचवडच्या तिच्या कारखान्यामुळे वेल्डिंगच्या रॉडशी पुण्याकडच्या कितीतरी घरांचं नातं आहे. वेल्डर हा आयटीआयचा एक वर्षाचा ट्रेड आहे. इथे ओमानमध्ये तेलाच्या पाइपलाइनवर उभं राहायचं तर 45 अंशांत तिरक्या, न फिरणाऱ्या पाइपवर पूर्ण गोल टाका घालून दाखवावा लागतो, मग त्या टाक्याचा एक्स-रे होतो. ती परीक्षा उतरलेल्या वेल्डरचं काम करून दाखवणं माझ्या पीएचडीच्या तोंडी परीक्षेपेक्षा अवघड आहे, हे मी कुठल्याही विनयाने म्हणत नाही. आणि आपण खांद्याला अडकवायचं मशीन भावाच्या हातात देतो आणि म्हणतो, ‘यात काय अवघड आहे? यूट्यूबवर बघ.’

यूट्यूबवर बघून गेटचं बिजागर बसतं. उसाच्या ट्रॉलीचा हूक बसत नाही. तो बसल्यासारखा दिसतो, हीच तर भीती. वरून टाका गुळगुळीत, आत लोखंड एकजीवच झालेलं नाही. गळीत हंगामात एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या, वर शिगोशीग ऊस, रात्रीचा घाट किंवा साखर कारखान्याकडचा उतार, मागून मोटरसायकली. तो हूक सुटला तर काय होतं हे उसाच्या पट्ट्यात राहणाऱ्याला सांगावं लागत नाही. हूक, ड्रॉबार, ॲक्सल, ब्रेकचा भाग, ट्रॅक्टरच्या तीन-पॉइंट लिंकेजचे कान, उंचावरची पाण्याची टाकी ज्यावर उभी आहे तो सांगाडा: जे तुटल्याने माणूस मरू शकतो ते घरच्या मशीनने जोडायचं नाही. जाड रॉड तिथे लागतो आणि ते काम वर्कशॉपचं.

आणखीही काही गोष्टी घरी करू नयेत. बिडाचा पंप साध्या रॉडने जोडला की थंड होताना टाक्याच्या शेजारी चिरतो. रोटाव्हेटरची पाती कडक केलेल्या पोलादाची, ती बदलायची असतात. जीआय पाइपवरचं जस्त जळलं की पांढरा धूर निघतो आणि रात्री थंडी वाजून ताप भरतो, म्हणून आधी ते घासून काढायचं. डिझेलच्या रिकाम्या टाकीला तर हातसुद्धा लावू नये. रिकामी टाकीच फुटते. ट्रॅक्टरवर वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरीच्या तारा सोडायच्या आणि चिमटा टाक्याच्या अगदी जवळ लावायचा, नाहीतर करंट बेअरिंगमधून वाट काढतो आणि बेअरिंग खराब करतो.

रॉडही उगाच भारीतले नेऊ नयेत. कुणीतरी ‘7018 सगळ्यात मजबूत’ असं वाचलेलं असतं. ते मजबूत असतात, जर कोरडे असतील तर. भट्टीत तीनशे अंशांच्या वर भाजून, गरम ठेवून वापरायचा तो रॉड. आमच्याकडे तो युरियाच्या शेजारी, शेणाच्या ओलीत पडलेला असतो. शेतासाठी 6013 बरा. तो समजूतदार आहे, पुन्हा पेटतो, चुका पोटात घालतो. छोटी पाकिटं घ्या, प्लास्टिकच्या घट्ट डब्यात ठेवा.

एवढं सगळं सांगितल्यावर मंडळाच्या जेवणात एक गृहस्थ मला म्हणाले, ‘अहो, तुम्ही फार किचकट करताय. आपण प्रेमाने देतो. ते लोक वापरतील त्यांना हवं तसं.’

हेच मला मान्य नाही. ‘ते लोक’ म्हणजे आपलेच लोक आणि ते आपल्या शब्दावर चालतात. आखातातून आलेल्या वस्तूला गावात एक अधिकार असतो. ताई ओमानमध्ये शिकलेली, ती 200 आणते म्हणजे 200 च बरोबर. मग शेजारी 250 मागवतो. ज्या घरात अर्थिंगला पैसे नाहीत म्हणतात त्या घरात दोन मशीनं होतात. प्रेम देण्यात असेल, पण निवड करणं हे काम आहे, आणि ते फुकट येत नाही. ट्रॅक्टर घेताना आपण चार जणांना विचारतो, जमीन बघतो, मग एचपी ठरवतो. वेल्डिंग मशीन पाच किलोचं आहे म्हणून विचारही तेवढ्याच वजनाचा का?

या वेळी भावाने पुन्हा विषय काढला तेव्हा मी त्याच्याकडून आधी तीन गोष्टी मागवल्या. संध्याकाळी सात वाजता आणि सकाळी अकरा वाजता शेडमधलं व्होल्टेज, मीटरपासून शेडचं अंतर, आणि गेल्या वर्षात काय काय तुटलं त्याची यादी. यादी आली. अकरा वस्तू होत्या. त्यातल्या सात बारा नंबरच्या रॉडच्या होत्या, दोन बिडाच्या, एक ट्रॉलीचा हूक, आणि एक खाट, जी आमच्या आप्पांनी मोडली आहे आणि ती जोडायला त्यांचा विरोध आहे. वायरीचे पैसे मी पाठवले आहेत. मशीन तो अकलूजला घेणार आहे, 130 चं. हूक गावातल्या वेल्डरकडे गेला आणि त्याने जेवढे सांगितले तेवढे पैसे दिले, घासाघीस न करता. यादीवर मी तशी अटच घातली होती.